हाताला आठवतं ते

आमच्या घोटीत कुणाच्याही घरी जा, बोलणं पावसावरून सुरू होतं आणि तांदळावर येऊन थांबतं. इगतपुरी तालुका म्हणजे भाताचं आगर. पावसात आवणी, दिवाळीच्या आसपास सोंगणी आणि मग गावातल्या भात गिरण्यांची घरघर. माझं सासर याच धंद्यातलं. छोटंसं तांदळाचं दुकान, मागे घर, मध्ये पोत्यांची थप्पी. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या साड्यांनासुद्धा कोंड्याचा वास यायचा.

सासूबाई शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. पण मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, अंगठ्याने चोळला की त्या सांगायच्या, "हा नवा हाय. दोन महिनेबी झाले नाहीत. भात चिकट व्हईल." किंवा, "हा जुना, वरसाचा. मोकळा व्हतो, पाव्हण्यांना घाल." गिऱ्हाईकं त्यांच्या शब्दावर पोतं उचलायची. इंद्रायणीत दुसरा कुठला तांदूळ मिसळलाय का, हे त्या दिवे गेलेले असतानाही सांगायच्या. आमचे हे गमतीने म्हणायचे, "आईचे डोळे बोटांत आहेत."

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सासूबाई तेव्हा शहात्तरच्या होत्या. आधीचं वर्षभर बारीकसारीक विसरणं चालू होतं. देवापुढे दिवा लावला की नाही, हे चारदा विचारायच्या. दुधाचे पैसे दोनदा द्यायच्या. आम्ही हसण्यावारी न्यायचो. वय झालं, म्हातारचळ लागला, असं शेजारीपाजारी म्हणायचे. आणि एके सकाळी त्यांनी पोटच्या मुलाला, म्हणजे यांना, दारात उभं करून विचारलं, "तुमी कुनाकडं आलात? मालक बाहेर गेलेत." मालक म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

हे पांढरेफटक पडले. काही न बोलता दुकानात जाऊन बसले.

त्याच दुपारी मी पाहिलं तर सासूबाई ओटीवर सूप घेऊन बसलेल्या. दोन-तीन किलो तांदूळ पाखडून, निवडून झालेला. एक खडा नाही, एक साळ नाही. कणी वेगळी, तूस वेगळं. माझ्याच्याने इतकं स्वच्छ झालं नसतं. आणि माझं डोकं फिरलं. सकाळपासूनचा ताण होता, यांचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. मी ओरडले, "आई, एवढा बारीक खडा सापडतो तुम्हाला आणि मुलगा ओळखू येत नाही? कशाला नाटकं करता?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून रडल्या. अर्ध्या तासाने मी चहा घेऊन गेले, तर भांडण झाल्याचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. "का गं, डोळे का लाल तुझे?" असं उलट मलाच विचारलं. पण रात्री जेवताना मी हात धुवायला म्हणून त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो झटकन मागे ओढला. मला घाबरून. का घाबरल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मैत्रिणींनो, तो मागे ओढलेला हात मला अजून आठवतो. सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाला आहे, डिमेन्शिया, हे पुढे कळलं. त्याच्याआधी त्यांच्या हातांनी आम्हाला कसं चकवलं आणि शेवटी त्याच हातांनी खरं कसं सांगितलं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

शंभरातून सात गेले किती?

पहिल्यांदा ज्या दवाखान्यात दाखवलं, तिथे एका तरुण डॉक्टरांनी छापील कागद समोर ठेवून प्रश्न विचारले. आज तारीख काय? साल कोणतं? शंभरातून सात वजा करा, त्यातून परत सात करा. हे वाक्य वाचा आणि त्याप्रमाणे करा. मनाने एक वाक्य लिहा. ही आकृती बघून काढा. सासूबाईंनी पेन्सिल उलटी धरली आणि ओशाळून हसल्या. तीस गुणांपैकी नऊ मिळाले.

हे बाहेर येऊन म्हणाले, "अगं, यातलं निम्मं तर आईला चाळीस वर्षांपूर्वीही आलं नसतं." खरंच होतं ते. सासूबाईंचा हिशोब शेर-पायलीचा. तारीख कधी ठाऊक नव्हती, तिथी ठाऊक असायची. शिवाय एका डोळ्यात मोतीबिंदू आणि डावा कान जड. मग हे नऊ गुण विसरण्याचे होते, की न शिकल्याचे, की न दिसण्या-ऐकण्याचे?

पुढे मला कळलं, की अशी तीस गुणांची चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली आणि जगभर वापरली गेली. शाळा न पाहिलेल्या माणसाला ती जड जाते, हे आपल्याकडच्या संशोधकांनाही दिसलं. म्हणून हरियाणातल्या बल्लभगड भागात डॉ. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या न शिकलेल्या माणसांसाठी तिचं हिंदी रूप तयार केलं. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात वाक्य लिहायच्या ऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायला लावतात. वाचून डोळे मिटायच्या ऐवजी, "मी करते तसं करा" असं म्हणून समोरची बाई स्वतः डोळे मिटते. साधीच गोष्ट, पण कुणीतरी ती आपल्या आजीच्या बाजूने विचार करून केली.

आमच्या डॉक्टरांकडे त्या दिवशी तसलं काही नव्हतं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि घरी दोन तट पडले. मी आणि हे म्हणत होतो, काहीतरी बिनसलंय. धाकटे दीर म्हणत होते, "आईला काही झालेलं नाही. दुकानात बसवा, आजही तांदूळ ओळखते." त्यांच्या म्हणण्याला आणखी एक कारण होतं. घराच्या वाटणीचा कागद तयार होता आणि त्यावर सासूबाईंचा अंगठा हवा होता. आई ठणठणीत आहे, असं ठरलं तर अंगठा लगेच घेता येणार होता.

बघा, एकाच हाताच्या कसबावरून मी म्हणत होते नाटक आणि दीर म्हणत होते ठणठणीत. चुकत आम्ही दोघंही होतो.

पिशवीतल्या दहा वस्तू

माझ्या मावसबहिणीने नाशिकच्या एका मानसतज्ज्ञ मॅडमचं नाव सुचवलं. सकाळच्या एसटीने आम्ही गेलो. मॅडमनी आधी सासूबाईंचं कानाचं यंत्र नीट बसवलं, पाणी दिलं, घोटीला पाऊस कसा आहे ते विचारलं. मग टेबलावर एक कापडी पिशवी ठेवली. आपली नाडीची, भाजीला नेतो तसली.

"आजी, आत हात घाला. बघायचं नाही. हाताला काय लागतं ते सांगा."

सासूबाईंनी हात घातला. पहिली वस्तू किल्ली. लगेच सांगितली. मॅडमनी ती बाहेर काढून दाखवायला लावली. मग बटण. मग वाटी. काडेपेटी कानाजवळ नेऊन हलवली आणि म्हणाल्या, "अर्धी सरलीय." कात्रीला "कातर" म्हणाल्या. खिळा, अंगठी, चेंडू, बाटली, चमचा. दहाच्या दहा बरोबर. एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर दुकानातला तो जुना रुबाब आला होता.

माझा ऊर भरून आला. मनात म्हटलं, सगळं तर ठीक आहे, उगीच घाबरलो आपण.

मॅडमनी पिशवी बाजूला ठेवली. "आता आजी, मला भाज्यांची नावं सांगा बरं. जेवढ्या आठवतील तेवढ्या." मिनिटभर वेळ होता. सासूबाईंनी वांगी, मेथी, बटाटा म्हटलं, पुन्हा वांगी म्हटलं, आणखी एक-दोन सांगून थांबल्या.

"छान. आता सांगा, मघाशी पिशवीत काय काय होतं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे. "कंची पिशवी?"

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मॅडमनी न रागावता विसरलेल्या वस्तूंची नावं एकेक करून सावकाश सांगितली. पुन्हा थोडं दुसरं बोलणं, पुन्हा तोच प्रश्न. असं पाच वेळा. एकदा किल्ली आठवली. पुढच्या वेळी तीही गेली. शेवटी मॅडमनी वाटी, पेला आणि डबी अशा तीन वस्तूंची नावं घेतली आणि यातलं पिशवीत काय होतं, असं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "डबी असंल." डबी नव्हतीच.

बाहेर आल्यावर मॅडमनी मला समजावलं. ही रीत मूळ पॉला फुल्ड या अमेरिकन मानसतज्ज्ञ बाईंची. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये वृद्धांबरोबर काम करताना त्यांनी ती बसवली. पिशवीत रोजच्या दहा वस्तू असतात, कारण किल्ली आणि बटण ओळखायला शाळेत जावं लागत नाही. आधी हाताने ओळखायचं, मग डोळ्यांनी पाहायचं, नाव तोंडाने घ्यायचं. म्हणजे वस्तू तिन्ही वाटांनी आत पोहोचली, याची खात्री होते. डोळा अधू असला, कान जड असला, तरी हात सांभाळून घेतो. इतकं करूनही पाच-दहा मिनिटांत वस्तू मनातून पुसली गेली, तर दोष डोळ्यांचा, कानांचा, शिक्षणाचा म्हणता येत नाही. आत आलेली गोष्ट धरून ठेवणाऱ्या जागेलाच इजा झालेली असते.

"वयामुळे विसरणारा माणूस वेगळा," मॅडम म्हणाल्या. "त्याला पहिल्या खेपेला चार-पाच वस्तू आठवतात. आठवण करून दिली की पुढच्या खेपेला सहा, मग सात. तो शिकत जातो. तीन नावांतून निवडायला सांगितलं तर बहुतेक ओळखतो. तुमच्या आईंच्या बाबतीत आठवण करून देऊनही वाढ होत नाही. हे म्हातारपण नव्हे, हा आजार आहे."

त्यांनी हेही बजावलं, की एका पिशवीवरून निदान होत नाही. नंतर रक्ताच्या तपासण्या झाल्या, मेंदूचं छायाचित्र काढलं, मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासलं. मग अल्झायमर हे नाव पक्कं झालं. पण मला ते पिशवीपाशीच कळलं होतं.

परतीच्या एसटीत सासूबाई खिडकीशी बसून डोंगर बघत होत्या. मी त्यांचा हात हातात घेतला. या खेपेला त्यांनी तो ओढून घेतला नाही.

मेंदूतले दोन कप्पे

मग प्रश्न उरला तो मला रात्रभर छळणारा. जी बाई दहा मिनिटांपूर्वीची पिशवी विसरते, ती साठ वर्षांपूर्वी शिकलेलं पाखडणं कसं विसरत नाही?

याचं उत्तर या आजाराच्या अगदी पहिल्या कागदांतच आहे. १९०१ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिथले डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी तिची तपासणी तपशिलात लिहून ठेवली. तिला पेन, पाकीट, किल्ली अशा वस्तू दाखवल्या, तिने नावं बरोबर सांगितली. डोळे मिटवून हातात वस्तू दिल्या, त्याही तिने हाताने ओळखल्या. पण थोड्या वेळाने काय दाखवलं होतं, ते तिला सांगता येईना. १९०६ मध्ये ती गेली. अल्झायमर यांनी तिच्या मेंदूची तपासणी केली आणि पुढे आजाराला त्यांचंच नाव पडलं. तिची फाईल कित्येक वर्षं हरवली होती, ती १९९५ मध्ये सापडली. ते वाचून मला वाटलं, कुठलं फ्रँकफर्ट आणि कुठली घोटी, पण त्या खाटेवर आमच्या सासूबाईच बसल्या होत्या जणू.

डॉक्टर सांगतात ते सोप्या भाषेत असं. आठवणींचा सगळा माल मेंदूच्या एकाच कोठारात नसतो. आज सकाळी काय झालं, कोण आलं, काय बोललं, हे नोंदवून ठेवण्याचं काम मेंदूच्या आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाकडे असतं. अल्झायमरचा घाला सुरुवातीलाच इथे पडतो. पण पाखडणं, लाटणं, वेणी घालणं, सायकल चालवणं अशी वर्षानुवर्षं मुरलेली कामं मेंदूचे दुसरे भाग सांभाळतात. तिथवर आजार उशिरा पोहोचतो.

स्पेनमध्ये सोलेदाद बायेस्तेरोस आणि त्यांचे सहकारी रेआलेस यांनी हे नेमकं स्पर्शाच्या बाबतीत तपासलं. २००४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तरुण, निरोगी वृद्ध आणि अल्झायमरचे रुग्ण अशा तिघांच्याही हाती रोजच्या वस्तू न दाखवता दिल्या. काही वेळाने त्याच वस्तू नव्या वस्तूंमध्ये मिसळून पुन्हा दिल्या. ज्यांना आधी हात लागला होता, त्या वस्तू रुग्णांनीही जास्त लवकर ओळखल्या. पण "ही वस्तू मघाशी हातात आली होती का?" असं विचारल्यावर मात्र रुग्णांची गाडी अडली. म्हणजे हाताला मागची भेट ठाऊक होती, त्यांना स्वतःला ठाऊक नव्हती.

आणि एक जुनी हकिकत ऐका. जिनिव्हाचे डॉक्टर एदुआर क्लापारेद यांच्याकडे एक बाई होती. तिला नवं काही म्हणजे काही आठवायचं नाही. डॉक्टर रोज भेटायचे, तरी ती त्यांना रोज नव्याने भेटायची. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. तिला टोचलं. थोड्याच वेळात ती ते विसरली. पण पुढच्या वेळी डॉक्टरांनी हात पुढे केला, तर तिने आपला हात मागे घेतला. का, ते तिला नीट सांगता आलं नाही. त्यांनी हे १९११ मध्ये लिहून ठेवलं.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. मी त्या दुपारी ओरडले, तीसुद्धा टाचणीच होती. सासूबाई शब्द विसरल्या, भांडण विसरल्या, पण भीती आत राहिली. आपण म्हणतो, "त्यांना काय कळतंय, पाच मिनिटांत विसरतील." तसं होत नाही. तुम्ही काय बोललात ते विसरतात. तुमच्याजवळ असताना कसं वाटलं, ते कुठेतरी राहतं.

घरात काय बदललं

वाटणीच्या कागदाचा विषय मॅडमच्या बोलण्याने संपला. दीर आमच्याबरोबर दुसऱ्या भेटीला आले होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "आई तांदूळ ओळखतात, यावरून त्यांना कागद कळतो असं होत नाही. वाचून दाखवा आणि पाच मिनिटांनी विचारा, कशावर अंगठा देताय?" दिरांनी घरी येऊन खरंच विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "मुलाच्या लग्नाची यादी ना?" दीर ओसरीवर जाऊन बसले. कागद कपाटात गेला. १८७२ च्या करार कायद्यातही हेच आहे, करार करणाऱ्याला तो समजण्याइतकी आणि स्वतःचं हित पाहण्याइतकी बुद्धी त्या वेळी शाबूत हवी.

दुसरं म्हणजे गॅस. हे फार महत्त्वाचं. हाताला येतं म्हणून धोका नाही, असं समजू नका. सासूबाईंचा हात गॅस बरोबर पेटवायचा, पातेलं ठेवायचा. पेटवलाय हे मात्र त्या विसरायच्या. दोनदा दूध जळलं, एकदा फडकं पेटलं. आता मी स्वयंपाकघरातून निघताना सिलिंडरचं बटण बंद करते आणि काडेपेटी वर ठेवते.

तिसरं, आम्ही परीक्षा घेणं बंद केलं. "सांगा पाहू मी कोण?" असं येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा आणि सासूबाई कानकोंड्या व्हायच्या. आता मी आधीच म्हणते, "आई, नगरच्या ताई आल्यात." त्या पाहुणीला मी सांगते, जवळ बसा, हात धरा. पिशवीचा खेळही घरी करत नाही. ती तज्ज्ञांनी करायची गोष्ट आहे. घरी केली तर आपल्याला उत्तर मिळत नाही आणि त्यांना अपमान तेवढा मिळतो.

चौथं, हाताला खुणा दिल्या. रात्री मोरीचं दार सापडेना, म्हणून त्याच्या कडीला गोणपाट गुंडाळलं. गोणपाटाचा स्पर्श त्यांच्या जन्माचा ओळखीचा. अंधारात भिंत चाचपत जातात आणि तिथे थांबतात. काही महिने याने फार उपयोग झाला. अंथरुणाजवळ त्यांच्या जुन्या लुगड्याची गोधडी असते. संध्याकाळी जीव घाबरा झाला, "मला घरी जायचंय" सुरू झालं, की ती हातात देते. दर वेळी उपयोग होतो असं नाही. पण बऱ्याचदा बोटं शिवण चाचपत राहतात आणि श्वास शांत होतो.

आणि रोज सकाळी सूप. तांदूळ निवडून झाला की तो त्या घरासाठी उपयोगी पडतो, हे मी त्यांना सांगते. नाटक हा शब्द आमच्या घरातून गेला.

खोटं चित्र उभं करायचं नाही म्हणून हेही सांगते. हातही कायमचे सोबत करत नाहीत. आजार पुढे सरकतो, तशी स्पर्शाची ओळखही पुसट होते. हल्ली कधी कधी सासूबाई तूस सुपात ठेवतात आणि तांदूळ खाली टाकतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माडीवर जाऊन मी रडून घेतलं. आता खाली चादर अंथरते आणि त्या उठल्या की गोळा करते.

तुमच्या घरी असं असेल तर

साठीच्या पुढच्या भारतीयांची पाहणी करून २०२३ मध्ये संशोधकांनी अंदाज दिला, की आपल्या देशात सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे शंभरात सातजणांहून थोडे जास्त. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक दिसलं. म्हणजे तुमच्या माझ्या गल्लीतच. तरी आपण त्याला म्हातारचळ म्हणून दार लावून घेतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या २०१३ च्या चित्रपटात मोहन आगाशे यांनी असाच एक विद्वान प्राध्यापक उभा केला आहे. मिळाला तर घरच्यांनी मिळून जरूर बघा. आजार शिकलेल्यालाही सोडत नाही, हे कळतं.

विसरणं वाढलंय असं वाटलं, तर आधी डॉक्टरांकडे जा. सगळं विसरणं अल्झायमर नसतं. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी, डोक्याला बसलेला मार, काही गोळ्यांचा परिणाम, यांनीही माणूस विसरतो आणि यातलं बरंच उपचारांनी सुधारतं. मोतीबिंदू काढून घ्या, कान तपासा. न ऐकू येणारा माणूस खुळा वाटतो, नुसता ऐकू येत नसल्यामुळे. आणि तपासणाऱ्यांना स्पष्ट सांगा, "आमच्या आई शिकलेल्या नाहीत, त्यांना झेपेल अशी चाचणी करा." हे सांगायला लाजू नका. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. काही औषधांनी काही काळ थोडा आधार मिळतो.

सांभाळणारी बहुतेक घरांत बाईच असते. गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. प्रशिक्षण दिलेले गावातलेच लोक घरी जाऊन माहिती आणि धीर द्यायचे. सांभाळणाऱ्यांचा मनस्ताप त्याने कमी झाला. आपल्याकडे असं कुणी घरी येत नसलं, तरी १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. आणि नणंद, जाऊ, शेजारीण, जी कुणी असेल तिला आठवड्यातून दोन तास हक्काने बसवा. मी आधी संकोच करायचे. आता करत नाही.

या वर्षीचा नवा तांदूळ गिरणीतून आला, तेव्हा मी एक मूठ सासूबाईंच्या तळहातावर ठेवली. त्यांनी अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिल्या. मला वाटलं, हेही गेलं. मग त्यांनी माझा हात ओढला, तो तांदूळ माझ्या तळहातावर ओतला आणि वरून आपल्या बोटांनी माझी मूठ मिटली.

"वल हाय आजून," त्या म्हणाल्या. "उन्हात घाल, पोरी."

माझं नाव त्यांना गेली दोन वर्षं आठवलेलं नाही. मी तांदूळ घेऊन अंगणात गेले.